जीभ आवरा, डोळे उघडा

निघण्याआधी दोन सूचना. पायात चपला नकोत, घोट्याच्या वर येणारे बूट घाला. आणि दुपारच्या वरणभाताचा जो पिवळा डाग तुमच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर पडलाय, तो धुऊ नका. वाटेत त्याचं काम पडणार आहे.

मुक्काम इंग्लंडातलं ऑक्सफर्ड. साल साधारण 1663, महिना मार्च. धरा माझा हात.

पाय टेकतात ते थेट चिखलात. नुसती माती आणि पाणी असतं तर हरकत नव्हती. यात घोड्यांची लीद आहे, कोबीची सडकी पानं आहेत आणि मघाशी कुणीतरी वरच्या खिडकीतून ओतलेलं असं काहीतरी आहे, ज्याची चौकशी न केलेली बरी. हा इथला राजरस्ता, हाय स्ट्रीट. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघते. धुराड्यांतून लाकडाचा धूर खाली उतरून डोळ्यांत जातो. आपल्याकडच्या चुलीचा धूर तसा ओळखीचा, पण त्यात ओल्या लोकरीचा कुबट वास, चरबीच्या मेणबत्त्यांचा वास आणि कॉलेजांच्या भट्ट्यांतून येणारा आंबलेल्या बार्लीचा वास मिसळला की डोकं भणभणतं. तेवढ्यात चर्चच्या घंटा सुरू होतात. एक थांबते तोच दुसरी, तिच्यावर तिसरी. काळे झगे घातलेली पोरं लगबगीनं तुम्हाला धक्का मारून जातात. सरपणाची बैलगाडी अंगावर येते. बाजूला व्हा! गाडीवान तुमच्यासाठी थांबणार नाही.

कोपऱ्यावर एक म्हातारी टोपली घेऊन बसली आहे. टोपलीत गडद जांभळी, चिमुकली फुलं. व्हायोलेट. झुडपांखालून, ओढ्याकाठून सकाळीच खुडलेली. वाकून वास घ्या. गोड, पावडरीसारखा, छान. परत घ्या. गेला? फुलं खोटी नाहीत. या वासातला आयोनोन नावाचा पदार्थ नाकाची जाणीव थोडा वेळ बधिर करतो. क्षणभर थांबलात की वास पुन्हा येतो, पुन्हा जातो. एवढ्या घाणेरड्या रस्त्यावर नाकाला मिळालेली ही एकच मेजवानी, तीही हप्त्याहप्त्यानं.

म्हातारीची टोपली जिथं जाणार तिथंच आपल्यालाही जायचंय. डीप हॉल नावाचं घर, जॉन क्रॉस या औषधविक्याचं. दाराला मान लववून आत या, चौकट ठेंगणी आहे.

आत शिरताच वासाचा पहिला लोंढा: बडीशेप, कापूर, ज्येष्ठमध, व्हिनेगर, बोळ. क्षणभर वाटतं, आपण बुधवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात आलो की काय. फळ्यांवर निळ्या-पांढऱ्या बरण्या ओळीनं मांडल्या आहेत. खल-बत्त्याचा ठणठणाट चालू आहे. एक पोरगी खाली बसून व्हायोलेटच्या पाकळ्या देठापासून निवडतेय आणि तिच्या बोटांची टोकं जांभळी झाली आहेत. पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतायचं, झाकून मुरत ठेवायचं, फडक्यातून गाळायचं आणि त्या पाण्यात साखर विरघळवायची. साखर इथं समुद्रापलीकडून येते, स्वस्त नाही. तयार होतं व्हायोलेटचं सरबत: शाईसारखं निळं-जांभळं, दाट. पोराला खोकला झाला, दे चमचाभर. पोट साफ होत नाही, दे चमचाभर. गावातल्या आयांना हे औषध पाठ आहे.

आता तुमची परीक्षा. दुकानातला उमेदवार मुलगा तुमच्यापुढे दोन वाट्या ठेवतो आणि कुठल्या वाटीत आंबट आहे ते ओळखायला सांगतो. हुंगून उपयोग नाही, सर्दी कुणाला नाही इथं? त्यामुळे बोट बुडवायचं आणि चाटायचं. पहिली वाटी: व्हिनेगर, दात आंबले. दुसरी: राखेचं पाणी. जिभेवर बुळबुळीत, मग कडू, मग चरचर. पाणी मागू नका. इथलं पाणी पिण्यापेक्षा पातळ बिअर बरी, असं इथल्या लोकांचं मत आहे.

जीभ हीच इथली तराजू. दारू विक्रेता पीप आंबलं का ते चाखून पाहतो. रंगारी आपलं पाणी चाखतो. झऱ्याचं पाणी औषधी आहे का, हे ठरवायलाही वैद्य घोट घेतो. दुसरी एक युक्ती आहे: आंबट द्रवात खडू किंवा राख टाकायची आणि फसफसतं का ते बघायचं. पण आंबटपणा अगदी कमी असेल तर फसफस दिसत नाही. आणि जिभेचं काय सांगावं? सकाळी लोणचं खाल्लेली जीभ आणि उपाशी जीभ एकच निवाडा देत नाहीत. शिवाय मागच्या खोलीत अशा काही बाटल्या आहेत, की त्यांची चव घेणारा दुसऱ्यांदा चव घ्यायला उरणार नाही.

मागच्या अंगणात चला. आज धुण्याचा दिवस आहे. एका उंच पिंपात चादरी, सदरे, टेबलावरची फडकी थर लावून भरली आहेत. वर कापड ताणून त्यावर चुलीतली राख पसरलीय आणि मोलकरीण तिच्यावर गरम पाणी ओततेय. पाणी राखेतून झिरपतं, कपड्यांतून उतरतं, खालच्या भोकातून पिवळट होऊन गळतं. ते परत तापवायचं, परत ओतायचं. साबण महाग, राख फुकट. शेजारच्या मडक्यात काय आहे ते विचारू नका म्हणणार होतो, पण वासानं तुम्हाला कळलंच: शिळं मूत्र. हट्टी डागांवर तेच लावतात. त्यातला अमोनिया डोळ्यांतून पाणी काढतो.

मोलकरणीचं लक्ष तुमच्या बाहीकडे जातं. पिवळा डाग! परदेशी पाहुण्याला असं कसं फिरू द्यायचं? "या इकडे," म्हणत ती तुमचं मनगट धरते आणि राखेच्या पाण्याचा बोळा डागावर दाबते.

डाग लाल होतो. भडक, कुंकवासारखा लाल.

तिच्या हातातला बोळा गळून पडतो. दोन पावलं मागं सरून ती छातीवर क्रूस काढते. या देशात अजून चेटकिणींवर खटले चालतात, त्यामुळे तुम्ही हसू नका, घाबरल्याचंही दाखवू नका. तुमच्या दृष्टीनं यात नवल काय आहे? हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तुमच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. मुका मार लागला की आजी हळद आणि चुना कालवून लेप लावायची, तो तळहातावरच तांबडा व्हायचा. हळदीला चुन्याची निवळी दिली की कुंकू होतं. हळदीतला कर्क्युमिन हा रंग आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळा, पण चुना, राख, साबण अशा अल्कलीत तांबडा. थोडक्यात, तुम्ही बाहीवर एक रासायनिक दर्शक घेऊन सतराव्या शतकात आलाय.

मोलकरीण धीर एकवटून वर बोट दाखवते. असल्या गोष्टींचं वेड असलेला एक साहेब वरच्या मजल्यावर राहतो.

जिना अरुंद आहे, पायऱ्या करकरतात. जसजसं वर जाल तसतसा वास बदलतो. औषधांचा गोडसर वास मागं पडतो आणि घशाला टोचणारं काहीतरी सुरू होतं. दार उघडा. भट्टीची धग तोंडावर येते. बाहेरच्या थंडीनंतर ती अंगावर घ्यावीशी वाटते, पण एका मिनिटात कपाळावर घाम. टेबलावर, खिडकीत, जमिनीवर काचेची भांडी: बगळ्याच्या मानेसारखी लांब चोच असलेली ऊर्ध्वपातनाची पात्रं, कुप्या, चंबू. एका चोचीतून थेंब पडतोय. टप्. बराच वेळ काही नाही. पुन्हा टप्.

खिडकीपाशी उभा असलेला उंच, किडकिडीत, फिकट चेहऱ्याचा माणूस म्हणजे रॉबर्ट बॉइल. वय छत्तीसच्या आसपास. आयर्लंडच्या बड्या सरदाराचा मुलगा, पैशाला तोटा नाही, लग्नाच्या फंदात पडलेला नाही. डोळे अधू आहेत म्हणून स्वतः फार लिहीत नाही, लेखनिकाला सांगतो. बोलताना अडखळतो. वाक्य अडलं की तुम्ही ते पुरं करायला जाऊ नका, वाट बघा. दाबलेल्या हवेचं आकारमान कमी होतं, हा तुम्ही शाळेत घोकलेला बॉइलचा नियम याचाच. हवेवरच्या प्रयोगांसाठी त्याला पंप बनवून देणारा हुशार मदतनीस रॉबर्ट हूक आता लंडनला गेलाय. त्याची जागा रिकामी आहे. आजपुरती ती तुमची.

तुमच्या हातात बाटल्या देतात. नीट धरा, बुचावरची चिठ्ठी वाचा. हा व्हिनेगरचा अर्क. हा मिठाचा अर्क. बूच किंचित उचला. पांढरट वाफ नाकात सुई खुपसल्यासारखी शिरते. आजच्या भाषेत हायड्रोक्लोरिक आम्ल. बंद करा, बंद करा! ही दुसरी ओळ: हे 'टार्टरचं तेल'. तेल नाहीच ते. वाइनच्या पिंपांना आतून धरणारी खपली जाळायची आणि उरलेली राख तळघरात उघडी ठेवायची. दमट हवेतलं पाणी शोषून ती आपोआप पाझरते, तेच हे. बोटाला बुळबुळीत लागतं म्हणून तेल म्हणायचं. आणि ती तिसरी कुपी मूत्रापासून काढलेल्या अर्काची. ती लांबच ठेवा, अंगणात तुमची ओळख झालेलीच आहे.

आता टेबलावर पांढरा कागद ठेवतात. पांढराच का? रंग उठून दिसतो म्हणून. आणि कागदच का? पेलाभर सरबत कशाला वाया घालवायचं, थेंबभरात काम होतं. खालच्या दुकानातलं व्हायोलेटचं सरबत येतं. कागदावर त्याचा एक थेंब. निळा-जांभळा, फुगीर, खिडकीचा उजेड त्याच्या पाठीवर चमकतोय.

त्यावर व्हिनेगरच्या अर्काचे दोन थेंब सोडा.

हात थरथरू देऊ नका. थेंबाच्या कडेनं गुलाबी रेघ फिरते, आत शिरते, आणि पापणी लवायच्या आत सगळा थेंब लाल. हा पहिला. आता शेजारी सरबताचा नवा थेंब, त्यावर टार्टरचं तेल. साखरेमुळे दोन्ही पटकन मिसळत नाहीत. बोटानं घासा, हरकत नाही. घासताय तिथं निळं पुसट होतं आणि गवतासारखा हिरवा रंग वर येतो. एकाच फुलाचा रस, एकाच बाटलीतला. इकडे लाल, तिकडे हिरवा.

लेखनिकाची पिसाची लेखणी कागदावर कुरकुरते. तुम्हाला वाटतं, झालं, टाळ्या वाजवा, निघूया. तसं नसतं. बॉइल पुढची बाटली मागतो. मिठाचा अर्क: लाल. सोऱ्यापासून काढलेलं, धातू खाणारं आम्ल: लाल. गंधकाम्ल: लाल. लिंबाचा रस: लाल. मग लाकडाच्या राखेचं पाणी: हिरवं. मूत्राचा अर्क: हिरवा. तासभर हेच. थेंब, थेंब, नोंद. थेंब, थेंब, नोंद. पाठ दुखायला लागते, भट्टीनं घसा कोरडा पडतो, बोटं चिकट होतात आणि नखांत निळं जातं. विज्ञानाचा इतिहास पुस्तकात एका परिच्छेदात उरकतो. इथं तो उभं राहून पाय दुखेस्तोवर चालतो.

मग कोणीतरी साध्या मिठाचं पाणी देतं. थेंबावर थेंब. तुम्ही टक लावून बघता. काहीच होत नाही. निळं ते निळंच.

बाटली खराब झाली असेल म्हणून तुम्ही ती बाजूला ठेवायला जाता आणि तिथंच फसता. काहीच न होणं, हेही उत्तर आहे. आम्ल असतं तर लाल झालं असतं, अल्कली असती तर हिरवं. दोन्ही नाही, म्हणजे हा तिसरा प्रकार: उदासीन. फुलांचा रस आंबटानं लाल होतो हे औषधविक्यांना, रंगाऱ्यांना आधीपासून दिसत होतंच. लिंबू पिळल्यावर काय होतं हे कोण बघत नाही? बॉइलनं काय केलं, तर एका गमतीला कसोटी बनवलं. एक बाटली घेतली नाही, हाती लागतील तेवढ्या घेतल्या. दोन्ही बाजूंनी तपासलं. आणि 1664 मध्ये रंगांवरच्या आपल्या पुस्तकात सगळं अशा तपशिलानं छापलं की वाचणाऱ्यानं आपल्या घरी करून बघावं. निवाडा जिभेकडून डोळ्यांकडे गेला, आणि डोळ्यांनी दिलेला निवाडा खोलीतल्या चौघांना एकदम दिसतो.

फुलांचा हंगाम चार दिवसांचा, म्हणून त्याची नजर सगळीकडे फिरते. धान्याच्या शेतात उगवणारी निळी कॉर्नफ्लॉवरं, कुंपणावरच्या प्रिव्हेटची काळी फळं, सगळ्यांचा रस काढून झालाय. खिडकीतला तो पेला उचला बरं. मेक्सिकोकडून आलेल्या एका लाकडाच्या ढलप्या झऱ्याच्या पाण्यात भिजत घातल्या आहेत. उजेडाकडे धरून आरपार पाहिलं तर पाणी सोनेरी. आता उजेडाकडे पाठ करा आणि पेला पुढे धरा: निळं! आता व्हिनेगरचा थेंब टाका. निळी झाक पळाली, सोनेरी राहिलं. टार्टरचं तेल टाका. निळी झाक परत हजर. याला आज आपण प्रतिदीप्ती म्हणतो. बॉइलनं त्यातही आंबटपणा ओळखायची युक्ती शोधली.

कोपऱ्यात निळ्या खड्यांची पुडी दिसली? ते लिटमस. दगडांवर वाढणारं दगडफूल हॉलंडमध्ये मूत्र, चुना आणि पोटॅशमध्ये आठवडेच्या आठवडे कुजवून हा रंग काढतात. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्या कागदाला तुम्ही बोट लावलं, त्याचं हे बालपण. बोट धुतलं होतं ना?

खाली रस्त्यावर गलका वाढतोय, संध्याकाळ होत आली. थोडं पुढं स्ट्रासबुर्गहून आलेला पीटर स्टाल नावाचा रसायनज्ञ वर्ग भरवतो. त्याला इथं आणणारा बॉइलच. दाराशी उभं राहून ऐका. बाकावर विद्यार्थी मान खाली घालून वह्या लिहिताहेत. एक मात्र वही न उघडता सारखा बोलतोय, मध्येच प्रश्न घालतोय, शेजाऱ्यांना वैताग आणतोय. वर्गातल्या अँथनी वूडनं पुढे आपल्या आठवणींत त्याच्याबद्दल कुरकुर लिहून ठेवली. त्या बडबड्याचं नाव जॉन लॉक. पुढे युरोपातल्या मोठ्या तत्त्वज्ञांत गणला गेला. तेव्हा वर्गात बोलणाऱ्या पोरांना फार रागावू नका.

जाता जाता एक काम उरलंय. तुमच्या बाहीवरचा डाग अजून तांबडा आहे आणि मोलकरीण जिन्याखाली चार बायका गोळा करून उभी आहे. दुकानातल्या व्हिनेगरचा थेंब लावा. पिवळा! बायका किंचाळतात. आता बाही दुमडा आणि काढता पाय घ्या. बॉइलला हळद दाखवायचा मोह होतोय, कळतं मला. पण इतिहासात ढवळाढवळ करायला आपण आलेलो नाही. डाग घालवायचाच असेल तर इथल्या बायकांचा उपाय खरा आहे: धुतलेलं कापड हिरवळीवर उन्हात पसरायचं. कर्क्युमिन उन्हापुढे टिकत नाही. अडचण एकच, मार्चमधल्या ऑक्सफर्डात ऊन कुठून आणायचं?

परतीच्या वाटेवर एक छोटा थांबा. डोळे मिटा. उघडा.

कोपनहेगन, 1909. चिखल गेला, विजेचे दिवे आले, पण नाक पुन्हा तेच सांगतंय: आंबलेली बार्ली! ही कार्ल्सबर्गची दारूभट्टी. भाजलेल्या धान्याचा खमंग, कडसर वास कोटाला चिकटतो, पिंपं गडगडतात, वाफेनं खिडक्या ओलसर. भट्टीच्या मालकानं विज्ञानासाठी बांधलेली प्रयोगशाळा शेजारीच आहे. आत मात्र शांतता. पांढऱ्या कोटातले सोरेन सोरेन्सन नळकांड्यांच्या ओळीसमोर उभे आहेत. लाल, नारिंगी, पिवळी, हिरवट, निळी. एकीपेक्षा दुसरी जराशी वेगळी.

इथं प्रश्न बारीक झालाय. आम्ल आहे की नाही, एवढ्यावर भागत नाही. बिअर घडवणारी विकरं इतकी नाजूक, की आंबटपणा किंचित इकडेतिकडे झाला तर त्यांचं काम मंदावतं. मग किंचित म्हणजे किती? सोरेन्सन एक मोजपट्टी सुचवतात, तीच पीएच, आपल्या पाठ्यपुस्तकांतला सामू. शुद्ध पाण्याला 7. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. आणि मेख अशी की एक पायरी म्हणजे दहापट. सामू 4 पेक्षा सामू 2 दुप्पट आंबट नाही, त्यात हायड्रोजन आयन शंभरपट असतात.

त्या नळकांड्यांत नेमकं काय घडतं तेही इथंच बघून घ्या. दर्शकाचा रेणू हायड्रोजनचा आयन घेतो किंवा सोडतो. आम्लात असे आयन मुबलक असतात, म्हणून तो घेतो. अल्कलीत टंचाई असते, म्हणून सोडतो. घेतला किंवा सोडला की रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, तो प्रकाशातला वेगळा भाग शोषतो आणि उरलेला आपल्या डोळ्यांत येतो. व्हायोलेटमधल्या रंगाचं नाव अँथोसायनिन: आयन मुबलक असताना लाल, कमी झाले की जांभळा, मग निळा. अल्कली अजून वाढली की त्याचा काही भाग पिवळा होतो; निळा आणि पिवळा मिळून ऑक्सफर्डातला तो हिरवा.

प्रत्येक दर्शकाची उडी मारायची जागा वेगळी. लिटमस 5 ते 8 च्या दरम्यान सावकाश पालटतं. मिथिल ऑरेंज 3 च्या खाली लाल, साडेचारच्या वर पिवळं. फिनॉल्फ्थॅलीन 8 पर्यंत ढिम्म, पाण्यासारखं. त्याच्यावर गेलं की गुलाबी. बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटचा एक थेंब जास्त पडून सगळा चंबू राणी रंगाचा झाला होता, आठवतंय? त्यात दोष फिनॉल्फ्थॅलीनचा नव्हता. एका थेंबानं सामू कित्येक पायऱ्या उडी मारतो, आणि तो थेंब तुमच्या हातून सुटला होता.

चला, घरी. बुटांचा चिखल पायपुसण्यावर झटका.

उद्या सकाळी एवढं करा. कुंपणावरची गोकर्णाची पाच-सहा निळी फुलं तोडा. नाही मिळाली तर जांभळ्या कोबीचं एक पान चिरा. अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं मुरू द्या, गाळा. पांढऱ्या बशीत त्या पाण्याचे थेंब लांब लांब ठेवा आणि एकेकावर लिंबू, ताक, खायचा सोडा, चुन्याची निवळी, मिठाचं पाणी, अंगाच्या साबणाचं पाणी सोडून बघा. एक थेंब तसाच ठेवा, तुलनेला तो लागतो. मुलांना आधी अंदाज सांगायला लावा, मग थेंब टाकू द्या. चुन्याची निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच यांच्या वाटेला तर जाऊच नका. दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आणि गावाकडे शेत असेल तर मूठभर मातीही तपासून घ्या. कोकणातली तांबडी माती बहुधा आम्लधर्मी, विदर्भ-मराठवाड्यातली काळी बहुधा अल्कधर्मी. पण तुमच्या वावराचा सामू 'बहुधा'वर ठरत नाही. खताच्या पिशवीवर पैसे घालण्याआधी माती परीक्षणाच्या चिठ्ठीवरचा तो एक आकडा वाचा.